हस्त कोरडा जाणार असेल तर

भाद्रपद अर्धा सरला की आमच्या मुळशी खोऱ्यात दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. हस्ताचं वाहन कोणतं, आणि मोबाईलवर काय दाखवतंय? पहिला प्रश्न पूर्वी माझ्या सासऱ्यांना, मामंजींना, विचारत. पाडव्याला मारुतीच्या देवळात पंचांग वाचायचा मान त्यांचा होता. दुसरा प्रश्न मला विचारतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना मी मुलांकडून पर्जन्यमापक वाचून घ्यायची. निवृत्त झाले तरी सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहायची सवय सुटलेली नाही. "बाई, आभाळाचं काय?" एवढंच विचारून माणसं बांधावर उभी राहतात, आणि मी जे सांगेन त्यावर फवारणी, कापणी, मजूर सगळं ठरतं.

या दोन प्रश्नांच्या मागे एक तिसरा प्रश्न आहे. तो कुणी मोठ्याने विचारत नाही, पण माझ्या मनातून गेली काही वर्षं जात नाही. पाऊस येणार की नाही हे आधीच सांगता येत असेल, तर देवाकडे तो मागण्यात काय अर्थ? आणि तो मागणंच व्यर्थ असेल, तर कोरड्या दिवसांत श्रद्धा असलेल्या माणसाने नेमकं करायचं काय?

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना पाण्याची काळजी कशाला, असं शहरातल्या पाहुण्यांना वाटतं. त्यांचंही खरं आहे. २५ जुलै २०२४ च्या सकाळी ताम्हिणीला चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर साधारण चार हजार लिटर पाणी. हिशेब करा, म्हणजे त्या एका दिवसात आमच्या डोंगरावर काय कोसळलं ते कळेल. पण ते पाणी इथे राहत नाही. उतार तीव्र, माती पातळ, खाली कातळ. ओढे चार दिवस गर्जतात आणि भाद्रपदातल्या उन्हात आवाज खाली आणतात. जुलैचं पाणी भाताला ऑक्टोबरात उपयोगी पडत नाही.

आणि भाताचा खरा जीव हस्ताच्या आसपासच टांगणीला लागलेला असतो. आमच्याकडे इंद्रायणी जास्त. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून ती तयार केली आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिली. सप्टेंबरात तिची पोटरी भरते. पोटरी हळूच उकलून पाहिली तर आत ओलसर, पोपटी-पांढरी लोंबी गुंडाळलेली दिसते. ती बाहेर पडली की भात निसवलं म्हणायचं. मग फुलोरा. सकाळी ऊन तापायला लागलं की एकेक फूल उमलतं आणि तासाभरात मिटतं, पुन्हा उघडत नाही. त्यानंतर दाण्यात दूध भरतं. नखाने दाणा दाबला की पांढरा थेंब वर येतो. या पंधरा-वीस दिवसांत खाचरात ओल हवी. ती नसली तर दाणा पोचट राहतो. भरलेली लोंबी वजनाने वाकते, पोचट लोंबी ताठ उभी राहते. शेतकऱ्याला लांबून, बांधावरून, काहीही न मोजता कळतं की वर्ष गेलं.

२०२३ चा ऑगस्ट आठवा. देशातला तो १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी झाला. प्रशांत महासागरात एल निनो होता. मॉन्सूनचा आस वर हिमालयाच्या पायथ्याशी सरकून बसला, समुद्रावरून येणारा वारा मंदावला, आणि त्या वाऱ्याला वर ढकलून पाऊस पाडायचं आमच्या डोंगरांचं काम थांबलं. अधिक श्रावण गेला, निज श्रावण लागला, तरी आभाळ नुसतं पांढरं. वरच्या खाचरांना भेगा पडल्या. महिनाअखेर हवामान विभागाने सप्टेंबरचा अंदाज दिला: देशभर सरासरीच्या ९१ ते १०९ टक्के पाऊस होईल, मात्र मागची तूट भरून निघणार नाही.

त्याच सुमारास गावाने महादेवाला कोंडायचं ठरवलं. गाभाऱ्याची मोरी बुजवायची आणि पिंड बुडेपर्यंत घागरीने पाणी ओतायचं, देवाला गुदमरलं की तो पाऊस पाडतो, ही जुनी रीत. माझा पुतण्या पिरंगुटला कारखान्यात आहे. सुट्टी असल्याने तोही ओळीत उभा होता. घागर पुढे देता देता मला म्हणाला, "काकू, पाऊस येणार आहे हे वेधशाळेने सांगितलंय. मग ह्याला कशाला त्रास? आणि येणार नाही असं सांगितलं असतं, तर ह्याने काय केलं असतं?"

मी त्याला तेव्हा काही बोलले नाही. ओळीत बायका होत्या, म्हातारी माणसं होती, त्यांच्या तोंडावरची तळमळ खरी होती. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. ते पाणी येत होतं गावच्या विहिरीतून, आणि विहिरीचा तळ दिसायला थोडंच राहिलं होतं. पाऊस मागण्यासाठी आम्ही उरलेलं पाणी संपवत होतो.

सप्टेंबरात पाऊस आला. देशाचा सप्टेंबर ११३ टक्क्यांवर गेला, अंदाजाचं वरचं टोकही ओलांडून. गाव म्हणालं, देव पावला. पुतण्या म्हणाला, अंदाज खरा ठरला. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटली, आणि पहिलं तर मी आता ठामपणे नाकारते.

कारण असं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आमच्याच पुणे जिल्ह्यातले शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदर होते. तिकडच्या माणसांनी काय कमी नवस केले असतील? जेजुरीचा खंडोबा पुरंदर तालुक्यातच आहे. ज्या गडावर सगळा महाराष्ट्र भंडारा उधळायला जातो, त्याच्या पायथ्याशी दुष्काळ, आणि आमच्या लहानशा महादेवाने मात्र ऐकलं, असं मानायचं तर देवाला पक्षपाती ठरवावं लागेल. आमच्याकडे पाऊस जास्त पडतो कारण वाऱ्याच्या वाटेत आम्ही डोंगराच्या माथ्यावर आहोत आणि ते पलीकडे, पर्जन्यछायेत. ही सह्याद्रीची रचना आहे. तिच्यात आमच्या भक्तीची पुण्याई शोधणं म्हणजे इंदापूरच्या माणसाच्या तोंडावर, तुझी भक्ती कमी पडली, असं म्हणणं. मी तसं म्हणणार नाही. कुणीच म्हणू नये.

आता दुसरी अडचण, जी मला याहून खोल वाटते. आपण मागतो ते नेमकं कुणासाठी?

माझ्या शेताच्या वरच्या बाजूला शेजाऱ्याचं हळवं भात आहे. सप्टेंबर संपता संपता ते कापणीला येतं. त्याला हस्त कोरडा हवा, कारण कापलेलं भात भिजलं तर दाण्याला तिथेच कोंब फुटतो आणि पेंढा काळा पडतो. माझं गरवं त्याच वेळी दुधात असतं, मला हस्त ओला हवा. दोघं एकाच विंझाई देवीला नारळ फोडतो. ताम्हिणी घाट उतरून रायगडात गेलात तर मागण्या आणखी फाटतात. पेण-उरणकडच्या मिठागरवाल्यांना पाऊस लवकर संपायला हवा. बोंबील वाळवणाऱ्या कोळणीला ऊन हवं. हापूसवाल्याला ऑक्टोबरात कडक ऊन आणि कोरडी जमीन हवी, म्हणजे पालवी जून होते आणि पुढे थंडी पडली की मोहर धरतो. आणि त्याच कोकणातल्या गरव्या भाताला, रोपट्यांना, डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांच्या झऱ्यांना परतीच्या पावसाची एखादी सर हवीच हवी.

२०१९ च्या ऑक्टोबरात अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठलं. पावसाने कोकणातली कापणीला आलेली भातं आडवी केली, शेतात पाणी, पाण्यात लोंब्या, लोंब्यांना कोंब. दिवाळी तशी गेली. आणि २६ नोव्हेंबर २०२३ ला, दुष्काळ जाहीर होऊन महिना व्हायच्या आत, नाशिककडे गारपिटीने द्राक्षबागा झोडपल्या. ज्यांनी पाऊस मागितला होता त्यांना तो तेव्हा, तसा, तिथे नको होता.

पाऊस एकट्याच्या नावावर पडत नाही. म्हणून तो एकट्याने मागता येत नाही, असं मला वाटू लागलं आहे. लेकराचा ताप उतरू दे, ही प्रार्थना दुसऱ्या कुणाच्या लेकराला ताप चढवत नाही. माझ्या खाचरावर ढग फुटू दे, ही प्रार्थना मात्र शेजाऱ्याच्या खळ्यावरही पडते.

हवामानाच्या अंदाजाकडे मी एका वेगळ्याच कारणाने ओढली गेले. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आहे. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं, म्हणून तिला अजून सिमला ऑफिस म्हणतात. खातं स्थापन झालं १८७५ मध्ये, दुष्काळांच्या धक्क्यातून. ब्लॅनफर्ड नावाच्या पहिल्या प्रमुखाने हिमालयातला बर्फ आणि मॉन्सून यांचं नातं मांडलं, त्यावर १८८६ पासून मोसमाचे अंदाज निघू लागले. त्यांच्यामागून आलेल्या इलियट यांनी १८९९ मध्ये चांगल्या पावसाचा अंदाज दिला, आणि त्याच वर्षी तो भयंकर दुष्काळ पडला ज्याला गुजरात-राजस्थानात अजून छप्पनिया म्हणतात. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. ते मूळचे गणिती. जगभरच्या वेधशाळांचे हवेच्या दाबाचे आकडे त्यांनी वर्षानुवर्षं ताडून पाहिले आणि प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांच्यावरचा दाब आलटूनपालटून चढतो-उतरतो हे शोधून काढलं. आज आपण एल निनो म्हणतो त्याच्या अभ्यासाचा एक पाया असा आपल्या पावसाच्या काळजीतून घातला गेला.

आमच्या घरापासून तासा-दीड तासावर, पाषाणला, उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या संशोधनावर उभा राहिलेला चार आठवड्यांचा अंदाज हवामान विभाग दर गुरुवारी काढतो. गुरुवारी माझा उपास असतो. संध्याकाळी दत्ताची आरती झाली की मी चष्मा लावून तो नकाशा उघडते. पहिल्या आठवड्याचा रंग विश्वासाने पाहावा, दुसऱ्याचा सांभाळून, आणि तिसऱ्या-चौथ्याचा फक्त कल म्हणून. संगणकावर एकच गणित थोड्याथोड्या फरकाने अनेकदा करतात आणि किती वेळा पाऊस आला ते पाहून शक्यता सांगतात. "तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता" असं लिहिलं की त्या विभागातल्या फार तर पाव ठिकाणी पाऊस, एवढाच त्याचा अर्थ. त्यापुढे ते बोलत नाहीत.

हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याला किती कळतं याची सीमा सांगून मगच बोलायचं, ही सत्याची शिस्त आहे. शाळेत सत्यनारायणाची गोष्ट सांगणाऱ्या आम्ही शिक्षकांनी मुलांना ही शिस्त आधी शिकवायला हवी होती.

मामंजींच्या पंचांगाबद्दलही मला सरळ बोललं पाहिजे. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, उरेल त्यावरून वाहन ठरवायचं. हत्ती, बेडूक, म्हैस आली की भरपूर पाऊस. पण हस्ताचा हत्ती अलिबागेला आणि बार्शीला एकच असतो, आणि दोन्हीकडचा पाऊस कधीच एक नसतो. तेव्हा पावसाचं ज्ञान म्हणून ते मला मान्य नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा ग्रहांच्या नावावर शेतकऱ्याला कसं नाडलं जातं ते दाखवलं आणि त्याच पुस्तकात बांध घाला, तळी काढा, डोंगरावरची माती अडवा असं सांगितलं. या बाबतीत मी फुल्यांच्या बाजूची आहे. मात्र मामंजींच्या वाचनात आणखी एक गोष्ट होती, ती टाकून द्यावीशी वाटत नाही. चैत्राच्या पहिल्या दिवशी सगळा गाव एका ठिकाणी बसून येणाऱ्या पावसाचा, पिकाचा, गुराढोरांचा एकत्र विचार करायचा. हल्ली अंदाज जो तो आपापल्या मोबाईलवर वाचतो आणि आपापलं भात कापतो.

मग श्रद्धेचं काय? ती पावसापुरती होती का?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अन्न पावसातून, पाऊस यज्ञातून आणि यज्ञ कर्मातून होतो अशी साखळी आहे. आमच्याकडे कुणी त्यावर बोललं की होम-हवनाकडे बोट दाखवतं. पण त्याच ठिकाणी, मिळालेलं परत न देता एकट्याने उपभोगणाऱ्याला गीता चोर म्हणते, आणि फक्त स्वतःपुरतं रांधणाऱ्याला पापी. मला तो भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पाऊस कसा पाडावा याची युक्ती तिथे सांगितलेली नाही, पडलेल्या पावसाचं काय करावं ते सांगितलं आहे.

आपल्या संतांच्या कथा या नजरेने वाचून पाहा. तुकोबांच्या तरुणपणी, १६३० च्या आसपास, मोठा दुष्काळ पडला. घरात अन्नावाचून माणसं गेली, त्यांची पहिली बायको गेली. तुकोबांनी पाऊस पाडल्याची कथा कुणी सांगत नाही. परंपरा सांगते ती अशी की भावाचा वाटा भावाला देऊन आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. दुष्काळात नागवलेल्या माणसांकडून येणं असलेला पैसा सोडून दिला. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही दुष्काळाचीच. बेदरच्या बादशहाचं कोठार त्यांनी उपाशी लोकांसाठी उघडलं. आणि त्या कथेत विठ्ठल येतो तो ढग घेऊन येत नाही. विठू महाराचं रूप घेऊन, धान्याची किंमत चुकती करायला येतो. शेकडो वर्षं कीर्तनात ही गोष्ट ऐकणाऱ्या समाजाने दुष्काळात देव कुठे शोधायचा हे ठरवून टाकलेलं आहे. आपणच ते विसरून गाभाऱ्याच्या मोऱ्या बुजवत बसतो.

मुसलमानांतही पाऊस लांबला की मोकळ्या मैदानात जमून खास नमाज पढतात. त्यात अंगावरची चादर उलटी करायची रीत आहे, आणि सुरुवात आपल्या चुकांची माफी मागण्यापासून होते. पाणी मागायच्या आधी स्वतःला उलटून पाहायचं. मला ही रीत फार खरी वाटते.

मुळशीत बसून हा विचार करायचा तर धरण टाळता येत नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधायला घेतलं तेव्हा १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना सेनापती म्हणायला लागले ते इथूनच. तीनेक वर्षं लढा चालला, माणसं तुरुंगात गेली, आणि शेवटी धरण झालंच. १९२७ पासून आमचं पाणी बोगद्यातून पश्चिमेला, घाटाखाली भिऱ्याला, वीज करायला उतरतं. माझ्या आजेसासूबाईंचं माहेर त्या पाण्याखाली आहे. कडक उन्हाळ्यात तलाव खाली गेला की जुन्या जोत्यांचे दगड उघडे पडतात, आणि गावातली म्हातारी माणसं ही ओटी अमक्याची, हे देऊळ तमक्याचं, असं बोटाने दाखवतात.

भिऱ्याला वीज करून झाली की ते पाणी कुंडलिका नदीत जातं. कोलाड, रोहा, पुढे रेवदंड्याच्या खाडीपर्यंत. म्हणजे परतीचा पाऊस रुसला तरी कुंडलिकेकाठच्या कोकणाला जे पाणी दिसतं, त्यातलं बरंचसं आमच्या डोंगरावर पडलेलं असतं. आणि दुष्काळी वर्षात पूर्वेकडून आवाज येतो: हे पाणी मुळात भीमेच्या खोऱ्यातलं, ते समुद्राकडे कशाला, आम्हाला द्या. दौंड, इंदापूर, सोलापूरची ही मागणी मला अन्यायाची वाटत नाही. कुंडलिकेकाठच्या गावांची गरजही खोटी नाही. आणि त्या दोघांच्या मध्ये, तलावाच्या काठावरच्या आमच्याच काही वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकर लागतो. डोळ्यांसमोर पाणी, आणि हंड्यात नाही.

या सगळ्यांचा देव एकच असेल, तर तो कुणाचं ऐकेल? मला असं वाटतं की हा प्रश्न त्याने आपल्याकडे सोपवलेला आहे. ढग कुठे फुटावा हे आपल्या हातात नाही. फुटलेल्या ढगाचं पाणी कुणाला, किती आणि आधी कुणाला, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि धर्म सुरू होतो तो तिथून. अंदाज वाईट असेल तर हा धर्म दोन महिने आधी सुरू होतो, एवढाच फरक. आधी कळणं ही सवड आहे. १६३० च्या माणसाला ती नव्हती. आपल्याला आहे, म्हणून आपली जबाबदारी त्याच्याहून जास्त.

मी देवपूजा सोडलेली नाही. हस्त लागला की शाळेतल्या मुलींबरोबर हादग्याचा हत्ती मीही मांडते, फेर धरते, खिरापत ओळखते. तो पावसाचा उत्सव आहे, पडलेल्या पावसाचे आभार आहेत. पण देवापुढे हात जोडते तेव्हा आता पाऊस मागत नाही. हस्त ओला गेला तर शेजाऱ्याचं कापलेलं भात उचलायला माझा हात लागू दे, कोरडा गेला तर आपल्या विहिरीवर त्याची मोटर लागू दे, एवढं बळ मागते. ही प्रार्थना पुरी झाली की नाही हे मला त्याच आठवड्यात कळतं, आणि न झाल्यास बोल कुणाला लावायचा तेही कळतं.

पुतण्याला त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं, ते नंतर दिलं. म्हटलं, पुढच्या वेळी घागरी भरायच्याच आहेत तर ओढ्यावर गोण्या भरू. त्याने ते मनावर घेतलं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, तोंड शिवून, एकावर एक सांधेमोड रचल्या की वनराई बंधारा होतो. मोहन धारियांनी १९८६ मध्ये वनराई संस्था काढली, तिच्या कामातून हे नाव खेडोपाडी पोचलं. खर्च जवळजवळ नाही, पण वेळ चुकवून चालत नाही. ओढा वाहता असताना, पावसाचा जोर सरल्यावर आणि धार बारीक व्हायच्या आत तो घालावा लागतो. म्हणजे नेमका हस्त आणि चित्रा. परतीचा पाऊस कमी असं गुरुवारच्या नकाशाने सांगितलं, तर पंधरा दिवस आधी. आमच्या वाडीवर पुतण्याने आणि त्याच्या मित्रांनी दोन रविवारांत एक घातला. पाणी अडलं, बाजूच्या विहिरीला ओल टिकली, आणि बायकांना उन्हाळ्यात खालच्या टाक्यापर्यंत जायला लागलं नाही.

माझं मागणं आता गावांकडे आहे, आमच्या मुळशीच्या आणि घाटाखालच्या कोकणातल्याही. हस्त २७ सप्टेंबरच्या सुमाराला लागतो आणि १० ऑक्टोबरच्या आसपास संपतो. त्याच्या मधोमध २ ऑक्टोबरची ग्रामसभा येते. त्या सभेत पहिला विषय म्हणून परतीच्या पावसाचा अंदाज मोठ्याने वाचा. कुठली विहीर कधी आटते ते बायकांना विचारून लिहून घ्या, कारण ते त्यांनाच माहीत असतं. कुणाचं हळवं, कुणाचं गरवं, कुणाला कापणीला माणूस हवा, कुणाला पाण्याची एक पाळी हवी, ते ठरवा. आणि अंदाज कोरडा असेल तर दसऱ्याची वाट पाहू नका. रिकाम्या गोण्या आताच गोळा करायला लागा.